विझव की वाढव

थंडी सुरू झाली की आमच्या गल्लीत सकाळी उठायला दोघंजण कुरकुर करतात. एक मी आणि दुसरी संतोषची जीप. मला सूनबाई चहा देऊन उठवते. जीपला संतोष आधी गोंजारतो, मग शिव्या देतो आणि शेवटी चार माणसं बोलावून ढकलायला लावतो. परवा मात्र तो हातात एक उभट पत्र्याचा डबा घेऊन माझ्या ओट्यावर आला. डब्याला वर दाबायची कळ होती.

"सर, हे जरा वाचून सांगा न," तो म्हणाला. "औरंगाबादहून आणलंय. इंजन जिथून हवा ओढतं तिथं फुसकन मारायचं, की डिझेलची गाडी लगेच चालू, असं दुकानवाला म्हणला. पण किती मारायचं, कवा मारायचं, सगळं इंग्लिशमधी लिहिलंय."

संतोष माझा जुना विद्यार्थी. इंग्रजीत त्याला मीच काठावर पास केलं होतं, तेव्हा डबा वाचण्याची जबाबदारीही माझ्याकडेच येत होती. राजूरच्या गणपतीला माणसं ने-आण करण्याचा त्याचा धंदा. त्या दिवशी चतुर्थी होती आणि गल्लीच्या तोंडाशी सात-आठ माणसं शाली गुंडाळून, जीपकडे श्रद्धेनं बघत उभी होती. मी चष्मा शोधायला आत वळलो तेवढ्यात संतोषनं कळ कशी चालते ते पाहायला एकदा हवेत दाबली.

वास आला. गोडसर, गार, नाकातून शिरून कपाळाच्या मागे जाऊन बसणारा. मी दाराची चौकट धरली. चष्मा कशासाठी आणायला चाललो होतो, हे मला आठवेना. बाहेर उभा असलेला माणूस संतोष आहे की माझ्या तरुणपणीचा नामदेव, हेही दोन क्षण कळेना. माझं वय लक्षात घेता हे फार चिंतेचं नाही, असं डॉक्टर म्हणतील. पण तो वास मी पन्नास वर्षांपूर्वी घेतला होता आणि त्याच्याबरोबर माझा एक शब्द हरवला होता.

चाळीस वर्षं मी मुलांचे शब्द दुरुस्त केले. ऱ्हस्व-दीर्घावरून छड्या मारल्या. आणि माझ्या स्वतःच्या तोंडून एका सकाळी कोणता शब्द बाहेर पडला, ते मला सांगता येत नाही. येत नाही की सांगायचं नाही, यातही माझा गोंधळ आहे.

ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. राज्य निजामाचं, शाळा उर्दूची, सुट्टी शुक्रवारची. मी वस्तानिया शाळेत, म्हणजे आत्ताच्या हिशेबानं मिडल स्कूलमध्ये, इंग्रजी शिकवायचो. वय तेवीस. कोट एकच, पण त्याच्या खिशाला पेन लावलेलं. दिवाळी सरली की जालन्यात कापसाच्या गाड्या यायला लागायच्या. स्टेशनाच्या बाजूच्या जिनिंगपाशी त्यांची रांग लागायची आणि ती कुठं संपते ते दिसायचं नाही. सरकी वेगळी होऊन रुई उडायला लागली की ती सगळीकडे जायची. चहात रुई, दाढीच्या साबणात रुई, वहीच्या पानात रुई. जिनवर काम करणाऱ्या बायांच्या पापण्या पांढऱ्या व्हायच्या आणि संध्याकाळी त्या घरी निघाल्या की सगळ्या एकदम म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसायच्या. मला तो हंगाम आवडायचा. आजही बाजारात पहिला कापूस आला की छातीत काहीतरी हलतं, पण ते सुख असतं की दुसरं काही, हे मी नीट तपासत नाही.

त्या जिनिंगच्या शेठजींनी एक नवं इंजिन आणलं होतं. जाड तेलावर चालणारं, माणसाच्या उंचीच्या चाकाचं. त्याच्याबरोबर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं होतं, आणि ते वाचणारं त्या आवारात कोणी नव्हतं. म्हणून दर शुक्रवारी सकाळी मला बोलावणं यायचं. मी पाटावर बसून वाचायचो, मराठीत सांगायचो आणि अडलं तिथं उर्दूचा आधार घ्यायचो. समोर करीम मिस्त्री बसायचा.

करीम मिस्त्री पन्नाशीचा. सगळा जन्म इंजिनांच्या धडधडीत गेल्यानं कानानं अधू झालेला. इंजिनाला नीट हवा मिळते की नाही ते लोक आवाजावरून ओळखतात, हा गालावरून ओळखायचा. हवा ओढायच्या तोंडाशी गाल नेला की त्याला कळायचं. मी वाचायला लागलो की तो माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत बसायचा. पापणी हलवायचा नाही. मला वाटायचं, विद्येबद्दल केवढा हा आदर! मी आणखी ताठ बसायचो आणि शब्दन् शब्द ठसठशीत उच्चारायचो.

दुसरा माणूस नामदेव. पिंपळगाव रेणुकाईचा शेतकरी, तिशीतला, दोन लेकरांचा बाप. घरची जमीन भाऊ बघायचे, हा हंगामापुरता जालन्यात येऊन इंजिनावर तेलवाल्याचं काम करायचा. अंगानं दांडगा आणि स्वभावानं असा सरळ की सांगितलेल्या शब्दाच्या इकडे नाही, तिकडे नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं. मला तो 'मास्तर' म्हणायचा तेव्हा त्यात जरा जास्तच विश्वास असायचा.

इंजिन सुरू करणं हा एक सोहळा होता. त्याच्या डोक्यावर एक लोखंडी गोळा होता. तो लाल होईपर्यंत तापवायचा, मग दोन गड्यांनी चाकाला झोका द्यायचा, मग नशीब असेल तर इंजिन धरायचं. तापवायला एक दिवा होता, पंप मारून पेटवायचा, स्टोव्हसारखा फुरफुरणारा. लढाईमुळे रॉकेल मिळेना, आणि मिळालेलं तेल असं की मिस्त्री ते बोटावर घेऊन थुंकायचा. "तेल नै मास्तर, काढा है ये," म्हणायचा. थंडीच्या दिवसांत इंजिन तासतासभर आडमुठेपणा करायचं आणि बाहेर बैल खाली मान घालून उभे राहायचे.

दुसऱ्या वर्षी, हंगामाच्या तोंडावर, पुस्तकात एक पान सापडलं. फार गारठ्यात इंजिन धरत नसेल तर ईथरचे चार थेंब वापरावेत. मी मोठ्या उत्साहानं ते वाचलं. मिस्त्रीचे डोळे चमकले. फौजेच्या गाड्यांचे ड्रायव्हर असंच काहीतरी करतात, हे त्यानं ऐकलं होतं. नामदेव ताबडतोब ईथर आणायला गेला आणि तासाभरानं आला तो मोगऱ्याचं अत्तर घेऊन. त्यात त्याची चूक नव्हती. दुकानात त्यानं 'ईथर' म्हटलं, दुकानदारानं 'इत्र' ऐकलं आणि आपल्याकडची सगळ्यात भारी कुपी दिली. मिस्त्रीनं झाकण काढलं, हुंगलं, आणि तिथल्या तिथं आम्हा सगळ्यांच्या कानामागे एकेक बोट लावलं. "इंजन शुरू होवो ना होवो, शादी तो हो जाती," तो म्हणाला. आम्ही इतके हसलो की नामदेवही हसला, आधी थोडा लाजून. त्या सकाळी चार-पाच जणांना मोगऱ्याचा वास होता आणि इंजिन बंद होतं. अजून डोळे मिटले की ती सकाळ पुढं येते. तिथंच थांबता आलं असतं तर बरं झालं असतं.

खरं ईथर मी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून आणलं. माणसाला बेशुद्ध करायचं औषध इंजिनाला शुद्धीवर आणायला कसं लागतं, असं त्यांनी विचारलं. बाटली देताना त्यांनी बजावलं, की ही वाफ वर जात नाही, जमिनीलगत पाण्यासारखी सरकत जाते आणि विस्तव शोधते. पुस्तकातही तेच होतं. मी ते सगळं मराठीत उतरवून इंजिनघराच्या काळ्या दारावर खडूनं लिहून काढलं, शाळेतल्या फळ्यावर लिहितात तसं. आधी दिवा विझवून बाहेर न्यावा. दारं-खिडक्या सताड उघडाव्यात. बाटली कधीही इंजिनात ओतू नये. चिंधीवर चार थेंब घ्यावेत, चिंधी चिमट्यात धरावी, आणि ती हवा ओढायच्या तोंडाशी न्यायच्या आधी बाटलीला बूच लावून ती बाहेर ठेवावी. दोनदा करून धरलं नाही तर थांबावं, दोष दुसरीकडे आहे असं समजावं. आणि रोज वापरू नये, इंजिनाला त्याची सवय लागते. शेवटचं वाक्य मिस्त्रीला फार आवडलं. "आदमी के माफिक," तो म्हणाला.

दारावरचं माझं अक्षर सुंदर होतं. त्या अक्षराचा मला अभिमान होता. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांपैकी एकालाही ते वाचता येत नव्हतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. नामदेवला अक्षरओळख नव्हती आणि मिस्त्री वाचायचा ती उर्दू.

मग हंगामाच्या मुहूर्ताची सकाळ आली. इंजिनाची पूजा होती. चाकाला हळदकुंकू लागलं, भिंतीशी पाटावर देवाची तसबीर आणि तिच्यापुढे निरांजन. दारावर झेंडूचा जाड हार चढवला तो नेमका माझ्या पहिल्या ओळीवर आला. शेठजींच्या घरच्या वडीलधाऱ्या बाई आल्या होत्या. मी मिस्त्रीला नियमांची आठवण करून देत होतो, तेवढ्यात त्या मला म्हणाल्या, "मास्तर, आजच्या दिवशी ते विझवा-बिझवा नका म्हणू. शुभ बोला."

बरोबरच होतं. आपल्यात नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवाही विझवत नाहीत, वाढवतात. तोही फुंकून नाही, फुलानं. मिस्त्रीच्या घरीही 'बत्ती बढाव' म्हणजे तेच. हा शब्द सगळ्यांना ठाऊक होता. त्यात समजून घेण्यासारखं काही नव्हतं.

गारठा कडाक्याचा होता. गोळा तापला, चाकाला झोका दिला, इंजिन एकदा खोकलं आणि गप्प बसलं. पुन्हा तेच. बाहेर गाड्या, आत पूजेला आलेली माणसं, आणि सगळ्यांचे डोळे मिस्त्रीकडे. त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. मी चार थेंब चिंधीवर टाकले, बूच लावलं. मिस्त्री चिमटा घेऊन इंजिनाच्या पलीकडच्या अंगाला गेला. दिवा अलीकडे होता, गोळ्याभोवतीच्या पत्र्याच्या आड; मिस्त्रीला तिथून मी दिसत होतो, दिवा दिसत नव्हता आणि फुरफुर ऐकू येण्यासारखे त्याचे कान नव्हते. नामदेव भिंतीशी, पूजेच्या पाटाजवळ उभा होता. मी नामदेवला दिव्याचं सांगितलं आणि माझ्या स्वतःच्या नियमाप्रमाणे बाटली घेऊन बाहेर निघालो. मागून नामदेवचा आवाज आला, "झालं, मास्तर!"

मी बाटली ओट्याच्या टोकाला, सावलीत, नीट उभी ठेवली. आडवी होणार नाही ना, हेही पाहिलं. माझ्याइतकं काळजीपूर्वक त्या सकाळी कोणीच वागलं नसेल. आणि मग आत भक्कन उजेड झाला. फार मोठा आवाज नव्हता. ओली चादर झटकावी तेवढाच. मग एक ओरडणं, आणि मग चिमटा फरशीवर पडल्याचा आवाज.

मिस्त्रीनं नेहमीसारखा गाल हवेच्या तोंडाशी नेला होता.

दिवा गोळ्याखाली जळत होता. तसाच, निळा, फुरफुरत. तो कोणी विझवलाच नव्हता.

मिस्त्रीला दवाखान्यात नेल्यावर शेठजी माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही काय सांगितलं होतं याला?" मी दाराशी गेलो, झेंडूचा हार वर उचलला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. दिवा विझवून. "हेच," मी म्हणालो. सगळ्यांनी नामदेवकडे पाहिलं. दिवा न विझवता 'झालं' म्हणणारा माणूस, म्हणजे खोटारडा. नामदेव दारावरच्या अक्षरांकडे बघत राहिला. ती त्याला कशी दिसत असतील, कोण जाणे. "मास्तर म्हनतेत तर तसंच आसंल," एवढंच तो बोलला. त्याच दिवशी तो कापूस रिकामा केलेल्या एका गाडीतून पिंपळगावला निघून गेला. मी त्याला जाताना पाहिलं. हाक मारली नाही.

त्या क्षणी मी खोटं बोलतोय असं मला वाटलं होतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारला आहे की त्याची धार गेली. मी 'विझव' लिहिलं होतं, ते समोर दिसत होतं. जे लिहिलं तेच बोललो असेन ना? शिक्षक माणूस दुसरं कशाला बोलेल? पण शुभ बोला असं कोणीतरी नुकतंच सांगितलं होतं, हेही आठवायचं. मग मी म्हणायचो, आठवत नाही. आणि खरंच आठवेनासं व्हायचं.

तो सबंध हिवाळा मी दर शुक्रवारी मिस्त्रीच्या घरी गेलो. त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी. त्याची बीबी पडद्याआडून चहा ठेवायची. मी त्याच्या डाव्या कानाशी वाकून ओरडून बोलायचो, कारण दुसरा काही मार्गच नव्हता. तो इकडचं तिकडचं विचारायचा, इंजिन कोण चालवतं, तेल कसं येतं. आणि उठायच्या वेळेला, प्रत्येक वेळी, एकच विचारायचा.

"मास्तर, उस दिन आप क्या बोले थे?"

"विझव बोललो होतो!" मी ओरडायचो. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

तो म्हणायचा, "बराबर."

मला वाटायचं, त्याला पटलं. पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा विचारायचा. मला वाटायचं, बिचारा विसरतोय. पट्टी निघाली तेव्हा एक डोळा गेला होता आणि दुसऱ्यातून वाफ धरलेल्या काचेतून दिसावं तसं दिसायचं. तो इंजिनावर परत आला नाही. दोन-तीन वर्षांत वारला. मी मयतीला गेलो होतो, लांब उभा राहिलो.

पुढं निजामी गेली, शाळा मराठी झाली, मी हेडमास्तर झालो. एका वर्षी शाळेच्या तपासणीसाठी पिंपळगाव रेणुकाईला गेलो आणि रेणुकादेवीच्या देवळात नामदेव भेटला. केस पिकलेले, पण तसाच दांडगा. वाकून नमस्कार केला त्यानं. मला जमिनीत जावंसं वाटलं. दुपारची आरती झाली होती. गाभाऱ्याबाहेर एक जादा निरांजन जळत होतं. बोलता बोलता त्यानं ताटातलं झेंडूचं फूल उचललं, वातीवर अलगद टेकवलं, आणि दिवा शांत झाला.

"आसाच वाढवला व्हता म्या त्या दिशी," तो म्हणाला.

मला कळेना. "कोणता दिवा?"

"देवाचा. पूजेपुढला." तो सहज सांगत होता, काल घडल्यासारखं. "तुमी म्हनले, नामदेव, दिवा वाढव. दारावरच्या हारातलं एक फूल तोडलं आन् वाढवला. मंग म्हनलं, झालं मास्तर. मला वाटलं, ते औषिध विस्तवाला धरतंय म्हनून देवाचा दिवाबी वाढवायला सांगून राह्यले. आन् ती बत्ती व्हती न मास्तर. तिला कोनी दिवा म्हनत नव्हतं तिथं. मिस्त्री म्हनायचा, नामदेव, बत्ती. बत्ती म्हनले आसते तर बत्ती वाढवली आसती."

कारखान्यात तिला बत्ती म्हणत. मी पुस्तकातून उतरवलेल्या माझ्या शुद्ध मराठीत ती दिवा झाली होती. आणि वाढवायचा म्हटल्यावर तर, देवापुढच्या निरांजनाखेरीज दुसरं काय वाढवतात? रॉकेलच्या फुरफुऱ्याशी कोणी इतक्या अदबीनं बोलतं का? नामदेवनं शब्दाच्या इकडे नाही, तिकडे नाही, जे सांगितलं तेच केलं होतं. सगळ्यांना सगळं समजलं होतं, आणि विझला तो दुसराच दिवा.

"तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी विचारलं. माझा आवाज हेडमास्तरचा निघाला.

"तुमी दारावर बोट ठिवलं. मला वाचता येतंय व्हय? म्हनलं, माझ्याच ऐकन्यात काही आलं आसंल. मंग बाजाराला आल्तो तवा मिस्त्रीला भेटायला गेल्तो. तो म्हनला, तुझी गलती न्हाई. मास्तर 'वाढव' बोलले, म्या पायलं."

"पाहिलं?"

"त्याला ऐकू कुठं येत व्हतं मास्तर? तोंडाकडं बघूनच तर समजायचा. म्हनला, मास्तरचं तोंड मोठं उघडलं व्हतं. 'विझव'ला तेवढं उघडत न्हाई." नामदेवनं निरांजनाची वात नीट केली. "म्या म्हनलं, मंग सांगू का शेठजीला? तर म्हनला, नक्को. मास्तर खुद बोलेंगे. मैं पूछता उनकू."

तो विचारत होता. दर शुक्रवारी, पट्टीखालून. ज्या डोळ्यांनी माझा शब्द पाहिला ते डोळे गेल्यावर तो मला विचारत होता, आणि मी त्याच्या कानात ओरडून खोटं सांगत होतो. आणि ती टक लावलेली नजर मी आदर समजत होतो. तेव्हा देवळात नामदेवपुढं मी काय म्हणालो? एवढं मात्र मला लख्ख आठवतं. मी म्हणालो, "असेल." आणि तपासणीला उशीर होतोय असं सांगून निघालो.

असेल. मराठीत यापेक्षा भित्रा शब्द मला माहीत नाही. त्यानंतर एवढी वर्षं मी गोंधळातच राहिलो. नामदेवच्या आठवणीत गफलत झाली असेल. मिस्त्रीनं त्याला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. माणसाच्या ओठांवरून एवढं कळतं का? हा गोंधळ खरा आहे, असं मी स्वतःला सांगत आलो. खरं तर तो मी रोज थोडा थोडा ढवळत आलो, खाली बसू दिला नाही. दाढी करताना आरशासमोर उभं राहून दोन्ही शब्द एकदा म्हणून बघायला मला कोणी अडवलं होतं? पन्नास वर्षं रोज आरसा समोर होता.

परवा सकाळी, संतोष ओट्यावर उभा असताना, चष्मा सापडला तो आरशापाशीच. मी म्हणून बघितलं. विझव. ओठ जेमतेम हलले. वाढव. तोंड उघडलं, दात दिसले, पार आतपर्यंत. एवढी साधी गोष्ट. मी आरशापुढून लवकर हललो.

बाहेर येऊन मी संतोषला डबा वाचून दाखवला. नुसतं सांगितलं नाही, त्याच्याकडून म्हणवून घेतलं. जवळ विडी-काडी नको. ज्या डिझेल इंजिनात हीटर असतो तिथं हीटर चालू असताना हे मारायचंच नाही, आत भडका उडतो, पिस्टन फुटतो. मारायचं ते अगदी थोडं, क्षणभर, लांबून, तोंड बाजूला करून. दोन वेळा मारून धरलं नाही तर डबा ठेवून द्यायचा आणि मेकॅनिक बोलवायचा. रोज मारायचं नाही, सवय लागते.

"माणसासारखं," संतोष हसून म्हणाला. मी हसलो नाही. तो गाडीपाशी जाऊन वाकला आणि तिथून ओरडला, "झालं, सर!"

"काय झालं?" मी ओट्यावरून खाली उतरलो. गुडघे विसरलो. "काय झालं ते नाव घेऊन सांग!"

"हीटर बंद केला, सर."

"कोणता हीटर? बोट लावून दाखव."

त्यानं दाखवलं. वायरच काढून हातात घेतली होती. शालीतली माणसं माझ्याकडे बघत होती. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं असणार. मी त्या सगळ्यांना दहा पावलं मागं सरकवलं. विडी ओढत होता त्याला गल्लीच्या टोकाला धाडलं. मग संतोषनं मान बाजूला करून एकदाच कळ दाबली आणि किल्ली फिरवली. जीप खोकली, थरथरली आणि धडधडायला लागली. गणपतीचा जयजयकार झाला.

माणसं चढली. मी तिथंच उभा होतो. घरात जायचं होतं, चहा गार होत होता. नामदेव अजून आहे, हे मला ठाऊक होतं. संतोषच मधे सांगत होता, पिंपळगावचे नामदेवबाबा आता काठी घेऊन चालतात, पण देवळात रोज जातात. ऐंशीच्या घरातला माणूस. किती हिवाळे असतील अजून, त्याचे आणि माझे? मी जीपचं पुढचं दार उघडलं आणि आत बसलो. पायात घरातल्या चपला होत्या.

"राजूरला येता, सर?"

"पुढं. पिंपळगाव रेणुकाईला सोड मला."

संतोषनं गिअर टाकला. राजूरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता, बायका ओटीत वेचत होत्या, उन्हात सगळं पांढरं दिसत होतं. इंजिनाचा आवाज एवढा, की शेजारचं बोललेलं ऐकू येईना. तिथं पोचल्यावर काय म्हणायचं, ते मी जुळवत होतो. खूप वाक्यं जुळवली, सगळी शाळामास्तरी निघाली. शेवटी एकच शब्द उरला. तो तोंडातल्या तोंडात म्हणून बघितला.

संतोषनं माझे ओठ हललेले पाहिले असावेत. तो माझ्याकडे वळून ओरडला, "काय बोलले, सर?"

तोच प्रश्न. मी तोंड पुरतं उघडलं आणि मोठ्यानं म्हणालो, "वाढव! वाढव बोललो होतो!"

"बराबर," संतोष म्हणाला, आणि त्यानं गाडीचा वेग वाढवला.